चौथाई पाणी

त्या घरात सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी मुकुंदाची नखं पाहिली जात. नखं गुलाबी दिसली तर चहा गोड लागे. मुळाशी जांभळट छटा दिसली, की मग चहाच काय, दिवसभर कोणाला काही गोड लागत नसे. मुकुंद जेमतेम दोन महिन्यांचा. आपल्या एवढ्याशा नखांवर सगळ्या घराचा जीव टांगला आहे याची त्या बिचाऱ्याला काय कल्पना! तो मूठ तोंडात घालून छताकडे बघत पडून राही.

घर नागपूरच्या जुन्या शुक्रवारीतलं. थोरला भाऊ मारोतराव गाईम्हशी बाळगून दुधाचा धंदा करी. धाकटा केशव एम.एस्सी. होऊन कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर लागला होता. सेहेचाळीस साल होतं, देशात रोज काही ना काही घडत होतं, पण केशवला वर्तमानपत्राची घडी उलगडायचंही सुचत नसे. मुकुंद त्याचा पहिला मुलगा. बाळंतपण झालं आणि थोड्याच दिवसांत त्याच्या बायकोला, इंदूला, मुदतीचा ताप आला. ताप गेला तो तिचं दूध घेऊनच गेला. तेव्हापासून बाळ वरच्या दुधावर होतं, आणि ते पाजायचं काम मारोतरावांच्या बायकोनं, कुसुमवहिनीनं, आपणहून अंगावर घेतलं होतं.

कुसुमवहिनीचंही एक बाळ होतं. तीन वर्षांपूर्वी याच घरात ते गेलं. तिला दूध आलंच नव्हतं, म्हणून तेही वरच्या दुधावर, आणि जाण्याआधी तेही असंच निळं पडत गेलं होतं. पुन्हा तिची कूस उजवली नाही. लोक तसे सभ्य. तिच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. पाठीमागे बोलले, पण तिला नीट ऐकू जाईल इतपत मोठ्यानं बोलले. हिच्या हातातच काहीतरी आहे म्हणाले.

तरी तिनं मुकुंदाला हातात घेतलं. त्याचं सगळं ती डोळ्यांत तेल घालून करी, आणि त्यातही पाण्याचं तर विशेषच. तान्ह्या लेकराला साधं पाणी द्यायचं नाही ही त्या घराची रीत होती. विहिरीचं पाणी पातेल्यात घ्यायचं, मंद विस्तवावर ठेवायचं आणि चौथाई उरेपर्यंत आटवायचं. गाईचं दूध बाळाला जड जातं, म्हणून ते या चौथाई पाण्यानं पातळ करायचं. वहिनीला हे तिच्या सासूनं शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. आटवलेलं पाणी पचायला हलकं होतं असं वैद्यही सांगत. आणि केशव, जो घरातल्या झाडून साऱ्या रीतींची टिंगल करी, तो या एका रीतीवर बेहद्द खूष होता.

"वहिनी, हे मात्र तुमचं शास्त्राले धरून हाय," तो म्हणे. "उकळल्यानं जंतू मरतेत. जितकं उकळान तितकं चांगलं."

जुनं शास्त्र आणि नवं शास्त्र एकाच चुलीपाशी येऊन बसलं, की मग शंका घ्यायला घरात उरतो कोण?

गल्लीच्या तोंडाशी म्युनिसिपालिटीचा नळ होता, पण त्याचं पाणी त्यांच्या घरात कोणी पीत नसे. तलावाचं पाणी ते, कोण त्यात काय धुवून जातं कोणाला ठाऊक, असं मारोतराव म्हणत. घरच्या विहिरीचा त्यांना भारी अभिमान. पाणी थंड, नितळ, जिभेला जरा गोडसर. शेजारची शामलाही तिथूनच नेई. तीसुद्धा ओली बाळंतीण, आणि तिचं पोर मुकुंदाहून थोडं लहान.

आश्विनाच्या उन्हात मुकुंदाचा रंग उतरू लागला. आधी नखं, मग ओठांची कड. रडला की तोंडाभोवती शाईचं बोट फिरवल्यासारखं दिसे. गाय बदलून पाहिली. मग शेळीचं दूध आणलं. मारोतरावांनी दृष्ट काढवली, आणि केशवनं, त्या शास्त्रवाल्यानं, मुकाट्यानं काढू दिली. वहिनी बिचारी काय करणार? तिच्या हातात होतं ते तिनं केलं. चौथाई पाण्याचं तिनं अष्टमांश करायला घेतलं. सरपण दुप्पट जळू लागलं, आणि लेकरू जास्तच निळं पडू लागलं.

मनोहरराव डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिली आणि हृदयाचा दोष असावा म्हणाले. थोडे दिवस इस्पितळात ठेवा, बघू. इंदू बाळाला घेऊन तिथं राहिली, आणि नवल असं, की तिथं पोरगं दिवसादिवसानं उजळत गेलं. नखं गुलाबी, ओठ गुलाबी, रडणंसुद्धा खणखणीत. केशवनं कॉलेजात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. घरी आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी नखांच्या मुळाशी ती जांभळी रेघ पुन्हा उमटली.

इंदूनं ती रेघ पाहिली आणि दार लोटून घेतलं.

"इस्पितळात काहून बरा होता तो?" तिनं विचारलं.

"तिथली हवा मोकळी..."

"हवा नाही. तिथं वहिनी नव्हत्या."

"असं बोलू नको वं, इंदू."

"मी नाही बोलून राहिली. त्याची नखं बोलून राहिली."

दाराबाहेर भांडं टेकल्याचा आवाज झाला. केशवनं दार उघडलं तर उंबऱ्याशी कोमट दुधाची वाटी होती आणि वहिनीची पाठ स्वयंपाकघरात शिरत होती. त्या दिवसापासून तिनं मुकुंदाला उचललं नाही. पाणी मात्र आटवत राहिली, कारण ते कोणी बंद करायला सांगितलं नव्हतं.

केशवला बायकोचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची भीती वाटली. कारण तेच त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. दिवसभर पोरांना पुरावा म्हणजे काय ते शिकवणारा हा माणूस, घरी येऊन भावजयीच्या हातांकडे चोरून बघत होता. तो हातात काय शोधत होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पुन्हा डॉक्टरांकडे गेले. या वेळी मनोहररावांनी बाळाच्या टाचेला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला. थेंब लाल नव्हता. पानात घालायचा कात पाण्यात कालवावा तसा तपकिरी होता. डॉक्टरांनी कागद हवेत हलवला, उजेडाकडे धरला, पुन्हा हलवला.

"हवा लागली की लाल व्हायला पाहिजे होतं. होत नाही," ते म्हणाले. "म्हणजे हृदय नव्हे, रक्तच बिघडलंय. याला हगवणीवर कोणी बिस्मथ दिलंत?"

"नाही."

"सोरा पडलेलं काही औषध? सोरा म्हणजे नायट्रेट. ते पोटात गेलं आणि आत त्याचं नायट्राइट झालं, तर रक्त असं होतं. मग ते प्राणवायू पुरवीनासं होतं. बिस्मथच्या पुडीतही तेच असतं, तिथं मी हे पाहिलंय."

"दूध आणि पाणी, डॉक्टर. याखेरीज त्याच्या पोटात काही जात नाही."

"मग मला कळत नाही. इस्पितळात आज खाट नाही, संध्याकाळी बघतो. तोवर रंग आणखी उतरला तर क्षणभर थांबू नका, घेऊन या."

टांगा घरी आला. इंदू उतरता उतरता म्हणाली, "आज त्याले मीच पाजीन. कोणाची गरज नाही." केशवच्या डोक्यात सोरा घोळत होता. तो परसात गेला आणि उभ्या उभ्या त्याची नजर गोठ्याच्या भिंतीवर गेली. भिंतीला खालून हातभर पांढरा लोणा चढला होता. दर वर्षी चढे, दर वर्षी मारोतराव खराट्यानं झाडून काढत. गोठ्याच्या भिंतीवरचा असलाच लोणा खरवडून सोरा करतात, हे केशव शाळेपासून जाणत होता. आणि विहीर गोठ्यापासून हाकेच्या काय, हाताच्या अंतरावर होती. इस्पितळात मुकुंदाला पाणी नळाचं मिळालं होतं. त्यानं पोहरा सोडला, बाटली भरून घेतली आणि सायकलवर टांग टाकली.

प्रयोगशाळा रिकामी होती. नळीत विहिरीचं पाणी घेतलं, त्यात हिराकशीचं द्रावण घातलं, नळी तिरपी धरली आणि कडेनं थेंब थेंब तीव्र गंधकाम्ल सोडलं. नायट्रेट असेल तर दोन थर भेटतात तिथं तपकिरी कडं दिसतं. दर वर्षी तो हे पोरांना करून दाखवी, आणि ज्यांचा हात थरथरे त्यांना टोमणे मारी. आज त्याच्याच हातून आम्ल दोनदा सगळं मिसळून गेलं. तिसऱ्या वेळी कडं आलं, पण पुसट. आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही.

त्याला हायसं वाटलं, आणि नाहीही. एवढ्याशानं कात झालेलं रक्त कसं होईल? पण केशव कामात पक्का. कडं पुसट आलं तर काय करायचं याची रीत ठरलेली होती. त्यानं उरलेलं पाणी काचपात्रात ओतलं आणि बर्नरवर ठेवलं. पाणी उकळू लागलं. बसल्या बसल्या त्याचा हिशेब मनात सुरूच होता. गाईचं शेणमूत मातीत मुरतं, मातीतले बारीक जंतू त्याचा आधी अमोनिया करतात आणि मग नायट्रेट. ते वाईट नव्हे, उलट त्यावरच सगळं रान जगतं. झाडं ते मुळांनी ओढून घेतात, गाय झाड खाते, शेण पुन्हा मातीत येतं, आणि फेरा चालू राहतो. पण ओढून घ्यायला झाडच नसलं तर? गोठा आणि विहीर यांच्यामध्ये पूर्वी केळीचं दाट बन होतं. मोरीचं आणि गोठ्याचं सारं पाणी ते पिऊन टाकी. मारोतरावांनी गोठा वाढवायला ते तोडलं, त्याला चार वर्षं झाली असतील. त्याच्या पुढच्या वर्षी वहिनीचं बाळ गेलं.

त्यानं काचपात्राकडे पाहिलं. पाणी निम्म्याच्या खाली आलं होतं. पाणी जातं, नायट्रेट मागे राहतं, म्हणूनच आटवायचं, म्हणजे थोडं असलं तरी सापडतं. हे वाक्य तो पोरांना इतक्या वेळा सांगत आला होता की आता ते ऐकूही येत नसे. आज ऐकू आलं. आपण आत्ता बर्नरवर जे करतोय तेच वहिनी चुलीवर रोज करते आहे, हे त्याच्या ध्यानात आलं.

जितकं उकळान तितकं चांगलं, असं तिला त्यानंच सांगितलं होतं. बर्नर तसाच जळता ठेवून तो सायकलकडे पळाला.

सीताबर्डीच्या बाजारात त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. कोणाला धक्का लागला, कोणाची टोपली कलंडली, मागून शिव्या आल्या. त्याला एकच दिसत होतं. चुलीवरून उतरवलेलं ते पातेलं, आणि त्यातलं पाणी दुधात पडतं आहे.

तो पोचला तेव्हा वाटी रिकामी होती. इंदू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मुकुंद रडत नव्हता, हलत नव्हता. पाटीसारखा झाला होता, काळपट निळा, आणि मान एका बाजूला पडलेली. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, दोन्ही हात पदराखाली दडवून. पुढं यायची तिची छाती होत नव्हती.

"मीच पाजलं," इंदू कशीबशी म्हणाली. "वहिनींनी हातही लावला नाही. मीच पाजलं त्याले."

टांग्यात केशवनं बाळाच्या नाकाशी बोट धरून ठेवलं होतं. श्वास आहे की नाही हे खडखडाटात कळत नव्हतं, आणि टांगेवाल्याला जोरात हाक म्हणावं तर बोट हलतं. एवढा रस्ता त्यानं आयुष्यात कधी कापला नव्हता.

"नायट्रेटच," तो डॉक्टरांना म्हणाला. "विहिरीत आहे. आम्ही ते आटवून आटवून पाजलं."

मनोहररावांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. कपाटातून गडद निळ्या द्रावाची कुपी काढली. मिथिलीन ब्ल्यू. केशवच्या प्रयोगशाळेत तो रंग म्हणून बाटलीभर पडून असे. निळ्या पडलेल्या पोराला निळंच औषध टोचताना पाहून इंदूनं डोळे मिटून घेतले. मग वाट बघणं. त्या वाट बघण्याचं काय सांगावं? भिंतीवरचं घड्याळ चालू होतं की बंद, हेही केशवला आठवत नाही. आधी कानांच्या पाळ्यांचा रंग पालटला. मग ओठ. मग मुकुंदानं तोंड वेडंवाकडं केलं आणि असा काही टाहो फोडला, की बाहेर बसलेले रोगी उठून आत डोकावले. केशव भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. लाजबीज त्याला काही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकुंदाला घरी आणलं ते गुलाबी. इंदूनं उंबरा ओलांडला, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि बाळ वहिनीच्या मांडीवर ठेवलं. वहिनीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग इंदू थकून आत जाऊन पडली, मारोतराव नळावर बादल्या भरायला गेले, आणि केशव वहिनीसमोर पाट ओढून बसला.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या पाण्यात होतं म्हणता. माह्या बाळाले बी तेच झालं?"

"हो, वहिनी. तेच झालं असन. तुमच्या हातात काही नव्हतं. गोठ्याचं मातीत मुरलं अन् विहिरीत उतरलं."

तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण चेहरा मोकळा होत गेला. तीन वर्षांत केशवनं तो असा पाहिला नव्हता.

"तीन वर्षं," ती म्हणाली, "मी कोणाच्याही लेकराले हात लावाच्या आधी दहादा हात धुवून राहिली. काहून धुते, हे मलेच ठाऊक." मग तिनं पदरानं डोळे पुसले. "एक सांगा. आटवल्यानं ते कमी होते का जास्त?"

हा प्रश्न केशवनं परीक्षेत घातला होता, आणि चुकीचं उत्तर देणाऱ्याचे गुण कापले होते.

"काही फरक नाही पडत," तो म्हणाला.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "शामलाले मीच शिकवलं आटवाले. तिचं बी दूध पुरत नाही, कालपासून तिनं वरचं चालू केलं. तुमच्या पोरासारखं चौथाई कर म्हटलं."

शामलाचं पोर केशवच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची शरम वाटली. "तिलेही नळाचंच द्याले सांगा," तो घाईनं म्हणाला. "विहिरीचं बिलकुल नको."

"सांगीन न. पण नळ दुपारी कोरडा राह्यते. नसलं तेव्हा विहिरीचं घेईन ती, चांगलं आटवून. एखाद वेळेचं चालन न? फरक नाही म्हणता."

ती त्याच्याकडे बघत होती. घरात एकटा शिकलेला तो, आणि त्याचं म्हणणं तिनं आजवर कधी मोडलं नव्हतं. आता ती उठेल आणि त्यानं सांगितलेलंच शामलाला सांगेल. शामला पुढच्या घरी सांगेल. जुन्या शुक्रवारीत गोठ्यालगत विहिरी काही एकच नव्हत्या, आणि चौथाई पाणी तर घरोघरी.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. आटवल्यानं वाढतं. पाणी उडून जाते, अन् ते खाली राह्यते. चौथाई केलं की चौपट."

"अन् आठवा भाग केला तर?"

"आठपट."

मांडीवरच्या मुकुंदानं तिचं बोट धरून ठेवलं होतं. तिनं त्या बोटाकडे पाहिलं.

"माह्या बाळाले मी पहिल्या दिवसापासून आठवा भागच देत होती," ती म्हणाली. "चौथाई तर सगळेच करतेत म्हटलं. माह्या बाळाले अजून चांगलं पाहिजे."

केशवला काहीतरी बोलायचं होतं. विहीर गोठ्यानं नासली, केळी दादानं तोडली, उकळा म्हणून मी सांगितलं, तुमचा दोष नाही. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही तोंडातून निघेना.

वहिनीनं आपलं बोट हळूच सोडवून घेतलं आणि मुकुंद त्याच्या हातात दिला. पदर डोक्यावर ओढला. "शामलानं आत्ताच चुलीवर ठेवलं असन," ती म्हणाली, आणि पायांत काही न घालता परसातून धावत सुटली. भर दुपारी, तापलेल्या फरशीवरून.

केशव पोराला छातीशी धरून तिथंच उभा राहिला. कुडापलीकडून तिचा आवाज आला, धाप लागलेला, पण स्वच्छ.

"शामले, ते पाणी ओतून दे वं. मी चुकीचं शिकवलं तुले. ओतून दे."